टीव्हीवरची डावी बाही

मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता फोन वाजला तेव्हा माझी कात्री कापडात होती. मी एका कोटाची उजवी बाही कापत होतो. कात्री एकदा कापडात शिरली की मध्ये थांबवायची नाही, थांबवली तर तिथे काठाला दात पडतो, हे मला वयाच्या पंधराव्या वर्षी शिकवलं गेलं. म्हणून मी फोन वाजू दिला. तो बंद झाला आणि पुन्हा वाजला. मी काप पूर्ण केला, कात्री टेबलावर ठेवली आणि फोन उचलला.

अस्तरवाल्याचा फोन होता. माझी बायको सकाळी त्याच्याच दुकानात कोटाचं अस्तर आणायला गेली होती.

"मास्तर, लगेच निघा. वहिनी काउंटरपाशी बसल्या होत्या, बसल्या बसल्या पडल्या. आम्ही त्यांना गाडीत घातलंय."

कुठल्या हॉस्पिटलात नेतायत ते त्याने सांगितलं. मी विचारलं, "अस्तर घेतलं का तिने?"

असं मी का विचारलं ते मला अजून कळलेलं नाही. तो म्हणाला, "घेतलं, मास्तर. तुम्ही या."

मी पोचलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, वाटेतच गेल्या, त्रास झाला नसेल. त्यांनी एका कागदावर माझी सही घेतली. तिची पर्स आणि अस्तराची पिशवी माझ्या हातात दिली. राखाडी अस्तर, मी सांगितलं होतं तोच रंग.

मी कटर आहे. आमचं शिवणकामाचं दुकान घरातच आहे. पुढच्या खोलीत कापायचं टेबल, आतल्या खोलीत तिचं कॉम्प्युटरचं टेबल, आणि दोन्हींच्या मध्ये एक दार, जे कधी लावलेलं नसे. सगळे मला मास्तर म्हणतात. तीही म्हणायची, पण तिच्या म्हणण्यात थोडी चेष्टा असायची.

आधी मापं वहीत असायची आणि कागदावरचे आराखडे मी काढायचो. सहा वर्षांपूर्वी तिने क्लास लावला आणि आराखडे कॉम्प्युटरवर काढायला लागली. तिचा धाकटा भाऊ दुसऱ्या गावी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. तो आला, त्याने कॉम्प्युटरच्या डब्यात दुसरा पडदा चालवणारं एक ग्राफिक्स कार्ड बसवलं, कार्डापासून एक लांब केबल दाराच्या चौकटीवरून बाहेर काढली आणि पुढच्या खोलीतल्या कपाटावरच्या टीव्हीला जोडली. त्या दिवसापासून टीव्ही हा तिच्या कॉम्प्युटरचा दुसरा पडदा झाला. ती तिच्या पडद्यावर आराखडा काढायची आणि माउसने तो उजवीकडे ढकलायची. तिच्या पडद्यावरून तो नाहीसा व्हायचा आणि माझ्या टीव्हीवर यायचा. पहिल्या दिवशी मी दाराच्या चौकटीकडे बघत राहिलो होतो. ती आतून म्हणाली, "मास्तर, तिथून नाही येत ते. पडद्याकडे बघा."

टीव्हीवर एकेक तुकडा मोठा दिसायचा आणि बाजूला त्याचे आकडे. ते बघून मी कापडावर खडूने आखायचो आणि कापायचो. बातम्या बघायच्या म्हटल्या तर शेजारी जावं लागायचं. टीव्हीवर सहा वर्षं आम्ही बाह्या आणि कॉलरीच बघितल्या.

तो कोट घड्याळवाल्यांचा होता. आमच्या दुकानापासून तीन गल्ल्या पलीकडे त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. चाळीस वर्षं एका बाजूला वाकून, डोळ्याला भिंग लावून बसल्यामुळे त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा सव्वा इंच खाली आला आहे. पाठही एका अंगाला वळलेली. तयार कोट त्यांना कधी बसला नाही. मुलीच्या लग्नासाठी त्यांनी पहिल्यांदा शिवायला टाकला. हिने त्यांना अकरा ठिकाणी मोजलं आणि चार दिवस आराखड्यावर बसली. डाव्या आणि उजव्या बाजूचे सगळे तुकडे वेगळे. एकावर एक ठेवून कापता येईल असा एकही नव्हता. पाठ, दोन्ही पुढचे भाग आणि उजवी बाही एवढं मी कापलं होतं. डावी बाही राहिली होती.

तिला घरी आणलं तेव्हा लोक जमले. शेजारच्या इस्त्रीवाल्या वहिनींनी पुढची खोली मोकळी केली. कोटाचे तुकडे गुंडाळून कपाटात ठेवले. टीव्हीची केबल उपटली, टीव्ही आत नेऊन शिलाई मशीनवर ठेवला, वर चादर टाकली. कॉम्प्युटरचा डबा पलंगाखाली सारला. सगळ्या वायरींची नीट पेंडी बांधून ती माझ्या उशाशी ठेवली. वहिनींनी सगळं मनापासून केलं. मी भिंतीला टेकून बसलो होतो आणि सगळं बघत होतो. मला रडू आलं नाही. लोक म्हणाले, आत साठलंय, येईल. मी वाट बघितली. काही आलं नाही. जेवायला दिलं की जेवायचो, झोप म्हटलं की झोपायचो. लोक गेले, मेहुणाही गेला.

दोन आठवड्यांनी घड्याळवाले भेटायला आले. खुर्चीच्या कडेवर बसले. मग ते म्हणाले, "कोटाचं मनावर घेऊ नका, मास्तर. लग्नाला अजून तीन आठवडे आहेत, पण मी जुनाच घालीन."

"जुना तुम्हाला कसा बसतो ते मी पाहिलंय."

"कसा बसतो?"

"खुंटीला अडकवल्यासारखा. आणि खुंटीही वाकडी."

ते हसले. मग आपण हसलो म्हणून ओशाळले. म्हणाले, "ताईंनी मला म्हटलं होतं, तुमच्या खांद्याचा दोष नाही, आजवर कुणी दोन्ही खांदे वेगवेगळे मोजले नाहीत एवढंच." थोड्या वेळाने म्हणाले, "शिवायचाच असेल तर मला पुन्हा मोजा. दहा मिनिटांचं काम."

मी म्हणालो, "गरज नाही. तिने सगळे आकडे घालून ठेवलेत. कॉम्प्युटरमध्ये आहेत."

ते खरंच दहा मिनिटांचं काम होतं. अंगाचा डावा मुंडा, म्हणजे बाही बसते ती गोलाई, कापून झाला होता, बाकीचं मी टेप लावून काढू शकलो असतो. पस्तीस वर्षं तेच केलंय. पण त्या कोटाचा प्रत्येक तुकडा मी तिच्या आकड्यांवर कापला होता, आणि मला शेवटची बाहीही तिच्याच आकड्यांवर कापायची होती. याच्यापुढे तिच्या आकड्यांवर कापायला माझ्याकडे दुसरं काही येणार नव्हतं. माझी इच्छा एवढीच होती. एरवी त्या दिवसांत मला कशाचीच इच्छा होत नव्हती.

घड्याळवाले गेल्यावर मी पलंगाखालून डबा ओढला आणि तिच्या टेबलावर ठेवला. तिचा पडदा जोडला. तो सोपा होता, एकाच जागी बसत होता. कॉम्प्युटर सुरू झाला. आराखड्याच्या प्रोग्रॅमचं चित्र मला माहीत होतं, एक लहानशी कात्री. त्यावर दाबलं. काहीच आलं नाही. खाली पट्टीत कात्री दिसत होती, म्हणजे ते उघडलं होतं, पण पडदा रिकामाच. मी वीस-पंचवीस वेळा दाबलं असेल.

मग टीव्ही पुन्हा कपाटावर चढवला, पेंडी सोडली, केबल चौकटीवरून नेली. केबलचं एक टोक टीव्हीत घातलं आणि दुसरं डब्याच्या मागे, जिथे ते बसलं तिथे. टीव्ही लावला. निळा पडदा, आणि त्यावर सिग्नल नाही असं लिहिलेलं. ते इकडून तिकडे फिरत होतं. तीन दिवस मी ते बघितलं. सकाळी उठून लावायचो आणि दुपारपर्यंत समोर बसायचो. रिमोटची सगळी बटणं दाबून झाली. इस्त्रीवाल्या वहिनी डोकावल्या. म्हणाल्या, "भावजी, बरं केलंत टीव्ही लावलात ते. तेवढंच मन रमेल." मी हो म्हणालो.

चौथ्या दिवशी मेहुण्याला फोन केला. त्याला करायचा नव्हता. तो तिच्याहून नऊ वर्षांनी लहान, तिने त्याला अंगाखांद्यावर वाढवलेला. तो आला त्या दिवशी दारातूनच परत फिरला होता आणि तासभर रस्त्यात उभा होता. पण दुसरं कुणाला विचारणार?

मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "भाऊजी, तो प्रोग्रॅम जुना आहे. ताईने शेवटी जिथे ठेवला असेल तिथेच तो उघडतो. तिने तो टीव्हीवर ठेवला होता. आता टीव्ही नाही, पण त्याला ते माहीत नाही. तो तिथेच उघडतोय, तुम्हाला दिसत नाही एवढंच."

"म्हणजे आहे?"

"आहे. टीव्ही जोडा, दिसेल."

"जोडलाय तीन दिवस."

"कुठे जोडलाय? डब्याच्या मागे बघा. केबल वर आहे की खाली?"

मी वाकून पाहिलं. "वर. तिथे चपटं भोक होतं."

"ते मशीनचं स्वतःचं आहे. कार्ड घातलं की ते बंद होतं. खाली बघा, आडवी पट्टी आहे, वेगळी बसवलेली. ते कार्ड. तिच्यातही तसंच भोक आहे."

"दिसलं."

"भाऊजी, तीन दिवस तुम्ही मेलेल्या भोकात केबल घालून..." तो थांबला. मग म्हणाला, "कात्री धरता तशी जोर लावून धरू नका. सरळ घाला."

मी केबल काढून खाली घातली. टीव्ही निळाच.

"अजून नाही," मी म्हणालो.

"कॉम्प्युटर बंद करा. आधी टीव्ही लावा. टीव्ही पूर्ण लागला की मग कॉम्प्युटर सुरू करा."

"दोन्ही चालू तर आहेत की."

"तसं नाही चालत. कार्ड फक्त सुरू होतानाच बघतं, समोर कोण आहे ते. त्या वेळी टीव्ही बंद असेल तर त्याच्या लेखी टीव्ही नाहीच. मग नंतर कितीही वेळ लावून ठेवा. ताई रोज विचारायची ना तुम्हाला?"

ती रोज विचारायची. सकाळी नऊ वाजता आतून आवाज यायचा, "लावला का?" मी म्हणायचो, "लावला." मग आत बटण दाबल्याचा आवाज. सहा वर्षं मला वाटत होतं, मी कामाला लागलो की अजून चहाच पितोय हे ती बघतेय. चिडायचो मी. "लावला गं बाई, लावला, जरा दम खा," असंही म्हटलंय. तिने कधी खुलासा केला नाही. मीही कधी विचारलं नाही. मेहुण्याला मी यातलं काही सांगितलं नाही. फक्त म्हणालो, "हो, विचारायची."

मी कॉम्प्युटर बंद केला. बाहेर येऊन टीव्ही लावला. आत गेलो आणि बटण दाबलं. तिच्या खुर्चीत बसायचं टाळून, उभ्यानेच.

पुढच्या खोलीत टीव्हीचा निळा रंग गेला. एकदा काळा झाला, मग राखाडी झाला. मी आत कात्रीच्या चित्रावर दाबलं आणि बाहेर आलो.

टीव्हीवर डावी बाही होती.

पांढऱ्यावर काळ्या रेघा. वर मुंड्याची गोलाई, कोपरापाशी किंचित वळण, ते तिने दोनदा बदललं होतं. खोडलेली रेघ फिकट दिसत होती. डाव्या बाजूला आकडे. लांबी सव्वातेवीस. मुंडा. दंड. कोपर. मी टेबल पुसलं, कपाटातून कापड काढून पसरलं, खडू घेतला. हात चालत होते. फोन टेबलावर ठेवला होता, त्यातून मेहुणा विचारत होता, "आलं का? भाऊजी, दिसतंय का?"

"दिसतंय," मी म्हणालो.

लांबी आखली, मुंडा आखला, दंड, कोपर. मग मी खडू धरून थांबलो.

किती वेळ थांबलो ते माहीत नाही. मेहुणा दोनदा म्हणाला, "भाऊजी?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी आतून आवाज यायची वाट बघतोय.

टीव्हीचं असं आहे की तो चारी बाजूंनी बोटभर चित्र गिळतो. मेहुण्याने सेटिंगमध्ये पुष्कळ खटपट केली होती, पण त्या टीव्हीत ते जमत नाही. म्हणून आराखड्यातली शेवटची ओळ नेहमी पडद्याच्या खाली जायची. ती ओळ ती आतून ओरडून सांगायची. पाठ असेल तर घेर, बाही असेल तर मोहरी, म्हणजे मनगटाकडचं तोंड. "मोहरी पावणेसहा!" मी इकडून "पावणेसहा" म्हणायचो आणि आखायचो. दिवसातून दहा-पंधरा वेळा. त्यामुळे आकडे संपले की माझा हात आपोआप थांबतो.

मी फोन उचलला. म्हणालो, "शेवटची ओळ दिसत नाही."

मेहुण्याला ठाऊक होतं. तो म्हणाला, "आत जा. माउस हातात घ्या. बाण उजवीकडे नेत राहा, तिच्या पडद्याच्या बाहेर जाईपर्यंत. तो टीव्हीवर निघेल. मग खिडकीची वरची पट्टी धरायची आणि डावीकडे ओढत आणायची. ती ताईच्या पडद्यावर येईल. तिथे सगळं दिसतं."

"आतून मला टीव्ही कसा दिसणार?"

"दारातून दिसतो. ताई खुर्चीत बसून बघायची."

मी तिच्या खुर्चीत बसलो. तिथून टीव्ही दिसत होता. टेबलही दिसत होतं, आणि टेबलाशी मी उभा राहतो ती जागा.

बाण उजवीकडे नेला. तो नाहीसा झाला आणि बाहेर टीव्हीवर निघाला. तीन-चार वेळा पट्टी हातातून सुटली. मेहुणा फोनवर म्हणाला, "सावकाश. मोठं कापड सरकवताय असं समजा." मग बाही सरकत सरकत आली. अर्धी टीव्हीवर होती, अर्धी तिच्या पडद्यावर. आणि मग पूर्ण इकडे आली.

खाली शेवटची ओळ होती. मोहरी. पुढचा रकाना रिकामा होता.

मी मेहुण्याला सांगितलं. तो म्हणाला, "रिकामा कसा असेल? नीट बघा." मी नीट बघितलं. उजव्या बाहीचं पान उघडायला त्याने मला शिकवलं. तिथे मोहरी पावणेसहा होती. डावीकडे काही नव्हतं. तो म्हणाला, "मग तेच घ्या. माणसाची दोन मनगटं सारखीच असतात."

ती सारखी नसतात. आणि तिने कधी रकाना रिकामा सोडला नव्हता. विसरायची बाई नव्हती ती. मी त्याला म्हणालो, "बघतो." त्याने विचारलं, "भाऊजी, जेवता ना?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "कॉम्प्युटर बंद करताना आधी तो बंद करा, मग टीव्ही." आणि त्याचा आवाज बदलला आणि त्याने फोन ठेवला.

मी घड्याळवाल्यांना फोन केला. डाव्या मोहरीचं विचारलं.

ते म्हणाले, "त्या दिवशी माझ्या डाव्या मनगटाला पट्टी होती, मास्तर. मुरगळलं होतं. ताई म्हणाल्या, पट्टीवर मोजलं तर बाही पोत्यासारखी होईल. आणि तुम्ही तर डाव्या हातात हे एवढं जाड घड्याळ बांधता, ते बांधूनच मोजायला हवं. पट्टी मंगळवारी निघणार होती."

"मग?"

"त्या म्हणाल्या, मंगळवारी अस्तर आणायला जाणारच आहे, परतताना दुकानात येऊन मोजून जाईन." मग म्हणाले, "मी त्या दिवशी जेवायला घरी गेलो नव्हतो. म्हटलं, येतील."

मला हे माहीत नव्हतं. जाताना ती एवढंच म्हणाली होती, की यायला थोडा उशीर होईल. मी टीव्हीकडे बघून आखत होतो. मी "हं" म्हणालो होतो.

"मी येऊ का तुमच्याकडे?" घड्याळवाल्यांनी विचारलं. "आत्ता येतो. घड्याळ बांधून येतो."

"नको," मी म्हणालो. "मी येतो दुकानात."

त्याला आज आठ दिवस झाले. लग्नाला दहा दिवस उरलेत. रोज सकाळी मी आधी टीव्ही लावतो, मग आत जाऊन बटण दाबतो. बाही मी परत टीव्हीवर ढकलून ठेवली आहे, आता ते मला जमतं. कापडावर खडूच्या रेघा आहेत, फिकट व्हायला लागल्यात, त्यांवरून दोनदा पुन्हा खडू फिरवला. उजवी बाही मी उजेडात धरून बघितली. फोन वाजत असताना कापलेला तो भाग सरळ आहे, सूतभरही हललेला नाही.

टेप खिशात घालून मी परवा दारापर्यंत गेलो आणि परत आलो. काल तिसऱ्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. ते काचेमागे वाकून काम करत होते. डावा हात टेबलावर होता, घड्याळ बांधलेला. मी तिथून परतलो.

डावं मनगट अजून मोजायचं आहे. बाही कापायची आहे. अस्तर पिशवीत तसंच आहे.